भेरू घाटात थांबलेल्या त्या दोघांचे आभार

गेल्या रविवारी इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना भेरू घाटाच्या उतारावर आमच्या 2007 सालच्या गाडीचे स्टिअरिंग ब्रेक दाबताच थरथरू लागले, तेव्हा स्वतःची गाडी थांबवून मदतीला आलेल्या दोन अनोळखी गृहस्थांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. तापलेल्या चाकांवर पाणी ओतायला मी बाटली उघडलीच होती; ब्रेकची गरम डिस्क (चाकासोबत फिरणारी धातूची चकती) अचानक थंड झाल्यास तडकू शकते, असे सांगून त्यांनी मला रोखले आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू खाली उतरवले.

इंदूरच्या ज्या वयस्क मिस्त्रींनी नंतर चाके खोलली, त्यांचेही ऋण मोठे आहे. डिस्कवर कोरलेली किमान जाडी 15 मिमी होती. मायक्रोमीटरने ठिकठिकाणी मोजल्यावर एके जागी ती 14.6 भरली. त्यामुळे खराद न करता, म्हणजे लेथवर घासून सपाट न करता, त्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क ब्रेक पॅडसह बदलल्या. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायला त्यांनी अर्धा तास घेतला (मला तो उगाच वाटला होता!), कारण गंजाच्या पापुद्र्यावर बसवलेली नवी डिस्कही डगमगते. मजुरी मात्र त्यांनी ठरल्याहून एक रुपयाही जास्त घेतली नाही.