सीमेवरच्या माणसांबद्दल तुला उत्तर

प्रिय निल्या,

तुझा फोन ठेवला त्याला चार दिवस झाले आणि डोक्यात अजून तेच चाललंय. म्हटलं परत फोनवर भांडण्यापेक्षा लिहूनच टाकावं, निदान मधेमधे तोडणार तरी नाहीस. तू म्हणालास की देश म्हणजे तळ्यात टाकलेला दगड, राजधानीत धप्पकन पडतो आणि लाटा कडेला जाईजाईपर्यंत विरून जातात, म्हणून सीमेवरची माणसं कायम अर्धी इकडची अर्धी तिकडची, त्यांचा काय भरवसा. मी तेव्हा चिडलो पण उत्तर सुचलं नाही (मला उत्तर नेहमी जिना उतरताना सुचतं, तुला माहितीये). आता सुचलंय. म्हणजे तुझा दगड उलटा पडलाय असं मला वाटतं.

पश्चिम बंगालमधल्या, बांगलादेशच्या सीमेवरच्या कूचबिहारची गोष्ट तुला अर्धवट ठाऊक असेल. 2015 पर्यंत बांगलादेशच्या पोटात भारताचे 111 तुकडे होते आणि भारताच्या पोटात बांगलादेशचे 51. त्यांना छिटमहल म्हणायचे. राजे बुद्धिबळात गावं लावायचे म्हणून असं झालं ही तिकडची दंतकथा, ऐकायला झकास आहे पण खरी भानगड बहुतेक 1713 च्या आसपासच्या तहातली आहे. मुघल आणि कूचबिहारचा राजा यांची लढाई थांबली तेव्हा ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याच्याकडे राहिलं. तेव्हा त्याने कुणाचं काही अडत नव्हतं, कारण शेतसारा कुणाला द्यायचा एवढाच प्रश्न होता, तू कोण हे कुणी विचारतच नव्हतं. पुढे 1947 ला फाळणीची रेघ आली, 1949 मध्ये कूचबिहार भारतात विलीन झालं, आणि 1952 ला दोन्हीकडे पासपोर्ट-व्हिसा लागू झाला तेव्हा हे तुकडे खऱ्या अर्थाने अडकले.

कसे अडकले ते बघ. तू भारतीय तुकड्यात राहतोस, चारी बाजूंनी दुसरा देश. भारतात जायचं तर व्हिसा पाहिजे, व्हिसा मिळवायला शहरातल्या कचेरीत जायला पाहिजे, आणि शहरात जायचं म्हणजे तुकड्याच्या बाहेर पाऊल टाकायला पाहिजे, जे विनापरवाना टाकलं की गुन्हा! म्हणजे कायदा पाळायला कायदा मोडण्यापासून सुरुवात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो आणि मग गप्प झालो. विजेच्या तारा डोक्यावरून जायच्या पण खाली घरात कंदील, कारण घर त्या देशाचं नाही. चोरी झाली तर पोलीस येणार नाहीत, आणि आले तर कुठल्या अधिकाराने?

एक तुकडा तर असा होता, दहला खगराबाडी, की बांगलादेशात भारताचा तुकडा, त्याच्या आत बांगलादेशचा तुकडा, आणि त्याच्याही आत परत भारताचा. साधारण पावणेदोन एकर. वस्ती नाही, तागाचं शेत. रात्री दीड वाजता मी मॅपवर झूम करकरून ते शोधत होतो, बायको म्हणाली झोप आता, ताग कुठे पळून जात नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. तुझ्या हिशोबाने ही माणसं सगळ्यात विरलेली असायला हवीत ना, लाट पोचलीच नाही तिथे. आणि ती काय करत होती? भारताच्या बाजूला मशालडांगा म्हणून गावं आहेत, तेव्हा कागदावर बांगलादेशची. तिथल्या बायका बाळंतपणाला भारतातल्या दवाखान्यात जायच्या तर नवऱ्याच्या जागी कुणातरी भारतीय माणसाचं नाव सांगायच्या, कारण खरं नाव सांगितलं तर पत्ता विचारणार आणि पत्ता सांगितला तर दाखल करून घेणार नाहीत. पोराला शाळेत घालायचं तर बापही उसना. विचार कर निल्या, पोराच्या दाखल्यावर शेजारच्या गावातल्या कुठल्यातरी माणसाचं नाव आणि खरा बाप गेटबाहेर सायकल धरून उभा. माझ्या दोन कागदांवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं तर सहा महिने हेलपाटे घातले आणि मी जगाला शिव्या दिल्या, यांचं तर अख्खं नातंच खोटं लिहिलेलं.

राष्ट्रभावना कुणी शिकवली नव्हती त्यांना. सरकारच नव्हतं तर शिकवणार कोण, ना तिथे शिपाई ना जनगणनेवाला. पण त्यांना रेशनकार्ड हवं होतं, मतदान हवं होतं, बाळाच्या कागदावर बापाचं खरं नाव हवं होतं, आणि त्यासाठी ती माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत होती. देश वरून खाली आलाच नाही तिथे, खालून ओढत आणला. तुला हे भावनेपेक्षा हलकं वाटेल, नुसती गरज म्हणशील. मला गरज हलकी वाटत नाही.

आणि दिल्लीला किती वेळ लागला बघ. नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांचा करार 1958 चा (बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता), मग बेरुबाडी या वादातल्या सीमाभागावरून सुप्रीम कोर्ट, मग 1974 ला इंदिरा आणि मुजीब यांचा करार, बांगलादेशाने तो त्याच वर्षी मंजूर करून टाकला, आपल्याकडे घटनादुरुस्ती व्हायला 2015 उजाडलं, शंभरावी दुरुस्ती. मधल्या एक्केचाळीस वर्षांत जन्मलेली पोरं आजोबा व्हायच्या वाटेला लागली. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली तेव्हा मशालडांग्यात 68 मेणबत्त्या लावल्या होत्या, 1947 पासूनच्या एकेका वर्षाची एक.

तू म्हणशील ही एकच विचित्र केस आहे. बरं, मग पार दुसरीकडचं घे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यात 1659 ला पिरेनीजचा तह झाला, डोंगर ही सीमा असं ठरलं, पण सेर्दान्या नावाचं खोरं मधोमध कापलं गेलं. पुढच्या वर्षी तिथली 33 गावं फ्रान्सला दिली, आणि यिविया नावाचं गाव स्पेनकडे राहिलं कारण कागदात ‘गावं’ लिहिलेलं आणि यिवियाला शहराचा दर्जा होता! आजही तो तुकडा चारी बाजूंनी फ्रान्सच्या आत आहे. पण मजा ही की जमिनीवर रेघ कुणी काढलीच नाही. सीमेचे नंबर घातलेले 602 दगड लागले ते 1856 ते 1868 मधल्या तहांनंतर. दोनशे वर्षं नुसती कागदावरची सीमा, दोन्हीकडे एकच कॅटलन भाषा, तिकडची पोरगी इकडे दिलेली, गुरं कुठेही चरणारी.

मग ती माणसं फ्रेंच आणि स्पॅनिश झाली कधी? मला वाटतं पाण्यावरून आणि कुरणावरून भांडताना. पुचसर्दा हे स्पेनमधलं गाव, त्याच्या कालव्याचं पाणी येतं फ्रान्सच्या हद्दीतल्या नदीतून. म्हणजे पाणी कमी पडलं, कुणी पाट फोडला, की आधी जे दोन गावांचं भांडण असायचं ते आता अर्ज लिहिताना ‘आम्ही महाराजांची प्रजा आणि हे परके लोक’ असं व्हायला लागलं, कारण तसं लिहिलं की वरचा साहेब लक्ष देतो. आधी शब्द वापरला कामापुरता, मग नातवंडांना तो खराच वाटायला लागला. शाळा, लष्करभरती वगैरे आलं नंतर, ते महत्त्वाचं नाही असं म्हणत नाही मी, पण तोवर निम्मं काम शेतकऱ्यांनीच करून ठेवलं होतं. शत्रू शेजारी असला की ओळख लवकर पिकते. राजधानीतल्या माणसाला आपण फ्रेंच आहोत हे रोज सिद्ध करायची गरजच काय?

उलटं उदाहरणही आहे, नाहीतर म्हणशील मी सोयीचं तेवढंच सांगतो. पोलंडमध्ये 1931 च्या जनगणनेत पोलेसी भागात लोकांना मातृभाषा विचारली तर सात लाखांच्या वर लोकांची नोंद ‘इथली’ अशी झाली. पोलिश नाही, बेलारूशी नाही, युक्रेनी नाही. आता यात सरकारला बेलारूशी आणि युक्रेनी आकडा कमी दाखवायचा होता म्हणून तो रकाना सोयीचा होता हेही खरं. तरी मला तो शब्द फार आवडतो. दारात वही घेऊन माणूस उभा, विचारतोय तुम्ही कोण, आणि आजी म्हणते आम्ही इथले, अजून कोण असणार. ती काही अर्धवट नव्हती रे. तिच्या मते प्रश्नच अर्धवट होता.

म्हणून तुझं ते ‘भरवसा’ प्रकरण मला पटत नाही. कडेच्या माणसाला दोन्ही देश नीट दिसतात, कुणाचा दवाखाना चालू आहे, कुणाची शाळा, कुणाचा शिपाई कमी मारतो, आणि तो तुलना करतो. आपण मधे बसून तुलना करू शकत नाही म्हणून आपल्याला आपली निष्ठा फार शुद्ध वाटते. हे मी स्वतःलाही सुनावतोय.

एक राहिलं. अदलाबदलीच्या वेळी लोकांना निवड दिली होती, कुठल्या देशाचं व्हायचं. आपल्याकडच्या तुकड्यांतले चौदा हजार जण सगळे भारतीय झाले, एकही तिकडे गेला नाही. तिकडच्या भारतीय तुकड्यांत सदतीस हजारांच्या वर लोक होते, त्यातले हजारसुद्धा इकडे आले नाहीत, बाकीच्यांनी शेत सोडलं नाही आणि ज्या देशात उभे होते त्याच देशाचे झाले. जे आले त्यांना दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीला पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं, दोन वर्षांत घर देतो म्हणाले आणि ती दोन वर्षं बरीच लांबली. यातल्या किती घरांत एक भाऊ आला आणि एक राहिला. आधी दोघं शेतातून चालत एकमेकांकडे जायचे, कुणाकडेच कागद नव्हते. आता दोघांकडे आपापले पक्के कागद आहेत, म्हणून भावाच्या पोरीच्या लग्नाला जायचं तर पासपोर्ट काढायचा, व्हिसाच्या लायनीत उभं राहायचं.

लिही. आणि या वेळी चार ओळींत उरकू नकोस.

तुझाच,
बंड्या