डॉइल्सटाउनचे मर्सर संग्रहालय

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी फिलाडेल्फियाच्या उत्तरेस असलेल्या डॉइल्सटाउन गावी जाऊन बक्स काउंटीचे मर्सर संग्रहालय पाहून आलो. सुतारकामाची आपल्याला असलेली आवड ठाऊक असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

हेन्री मर्सर हे मूळचे पुरातत्त्वज्ञ. कारखान्यांचा माल आल्यापासून सुतार, लोहार, चांभार, पिंपे बांधणारे यांची हत्यारे अडगळीत पडत आहेत, हे त्यांनी 1897 च्या सुमारास हेरले. उत्खननात निघणाऱ्या दगडी हत्यारांइतकाच हाही पुरावा आहे आणि तो मातीत जाण्याआधीच गोळा केला पाहिजे, असे त्यांनी ठरवले व लोक भंगाराच्या भावाने विकत असलेल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. 1872 च्या बोस्टनच्या आगीत त्यांच्या मावशीचा जुन्या चिलखतांचा संग्रह जळून गेला होता. म्हणूनच 1913 ते 1916 या काळात उभारलेली ही किल्ल्यासारखी इमारत त्यांनी सळ्या घातलेल्या काँक्रीटची केली.

मधला चौक थेट छतापर्यंत उघडा आहे आणि त्यात घोडागाडी, पाळणे, खुर्च्या, टोपल्या, इतकेच काय देवमाशांच्या शिकारीची आख्खी होडी अधांतरी टांगलेली आहे. चौकाभोवती एकेका धंद्याची काचेआडची दालने आहेत. मी सर्वांत जास्त वेळ रमलो तो जवसाच्या खोडांतून सूत काढण्याच्या दालनापाशी. वाळलेली खोडे ठेचण्याची लाकडी दाभाडी, तंतू विंचरण्याची लोखंडी काट्यांची फणी आणि मग चरखा, एवढे सोपस्कार झाले की कुठे अंगावर घालण्याजोगे सूत! हे सारे घरच्या घरी चाले, आणि त्यातले बरेचसे बायकांच्या वाट्याला येई.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते पाहताना आपण जसे रेंगाळलो होतो, तसेच येथे झाले. मात्र केळकरांची नजर कलाकुसरीवर होती, मर्सरांची कामावर.

एक गोष्ट खटकली. वर टांगलेल्या वस्तू खालून नीट दिसत नाहीत, आणि रंध्याची मूठ कोणत्या बाजूला झिजली आहे हे आपल्यासारख्याला जवळून पाहावेसे वाटेल. पुढच्या वर्षी आपण आलात की सुतारांच्या दालनापाशी आधी नेईन. तेथील हत्यारे हाताच्या अंतरावर, काचेमागे आहेत.

आईस नमस्कार.

आपला,
मुलगा