हौसेचं मोल

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा आईने फोनवर विचारलं, "त्या गेमच्या मशीनचे किती दिलेस?" आणि मी आवाज तुटतोय म्हणाले. आवाज तुटत नव्हता. आई, तू त्यावर "हौसेला मोल नसतं" असं म्हणून फोन ठेवलास. ते वाक्य आठवडाभर डोक्यात फिरतंय, कारण गेली दोन वर्षं मी दुसरं काय केलंय? हौसेचं मोलच काढत बसलेय. तेव्हा आकडा फोनवर सांगेन, तुझ्या हिशेबाच्या वहीत तो जाणारच आहे. तो आला कुठून, ते मात्र लिहूनच सांगायला हवं.

आधी वस्तू काय आहे ते. सेगा कंपनीचं १९८६ सालचं 'आउट रन', म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं मशीन, त्यातलं डिलक्स मॉडेल. यू सुझुकी यांनी बनवलेला हा मोटार चालवण्याचा खेळ. मशीन म्हणजे लाल रंगाची जवळजवळ अर्धी मोटारच. फेरारी टेस्टारोसासारखा आकार, आत सीट, स्टिअरिंग, गिअर, दोन पेडल आणि समोर २६ इंची पिक्चर ट्यूब. वळण आलं की खालची मोटर तुमच्यासकट अख्खा सांगाडा डावी-उजवीकडे वळवते. गंमत म्हणजे मूळ मशीनसाठी फेरारीचा परवाना घेतलेला नव्हता, तो आला थेट २००३ च्या 'आउट रन २' ला. आणि गाडी सुटण्याआधी पडद्यावर रेडिओ येतो. स्टिअरिंग फिरवून तीन चालींपैकी एक निवडायची, मग प्रवास सुरू. मला त्या वयातही शर्यतीपेक्षा तो रेडिओच जास्त आवडायचा.

बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे: हा खेळ आता फोनवर चालतो, मग एवढं धूड कशाला? खेळ खरंच चालतो. म्हणूनच मी खेळासाठी काहीच मोजलेलं नाही. मोजलंय ते फोनमध्ये न मावणाऱ्या गोष्टींसाठी. १९८५ च्या 'हँग-ऑन'मध्ये मोटारसायकल खरोखर अंगाने झुकवावी लागायची. अटारी कंपनीच्या १९८९ च्या 'हार्ड ड्रायव्हिन'मध्ये क्लच होता, किल्ली फिरवून इंजिन चालू करायचं आणि हाताला रस्ता जाणवावा म्हणून स्टिअरिंगला मोटर जोडलेली. त्या मशीनची किल्ली आणि क्लच गेले तर उरतो एक साधारण दिसणारा खेळ. शरीर हाच ऐवज.

पण तेच शरीर भाव पाडतं, आणि हे समजायला मला वर्ष लागलं. उभ्याने खेळायचं मशीन कुणाच्याही खोलीच्या कोपऱ्यात राहतं, म्हणून त्याला दहा गिऱ्हाइकं. बसायच्या मशीनला दोन, आणि त्यातला एक घरी जाऊन दाराची चौकट मोजतो की फोनच करत नाही. नाकापेक्षा मोती जड. त्यामुळे जी गोष्ट दुर्मिळ ती महागच, हा हिशेब इथे लागू पडत नाही. विकणाऱ्याला जागा रिकामी करायची घाई असते आणि घेणाऱ्याला जागा नसते. किंमत ठरते ती या दोघांच्या अडचणींमधून. शिवाय मशीनला दिलेला पैसा हा अर्धाच. ते उचलणारी माणसं, वाहतूक, आणि बोल्ट काढून त्याचे तुकडे करून पुन्हा जोडण्यात गेलेले दोन दिवस, हे वहीत वेगळ्या ओळीवर लिही.

(जागेवरून रागावशील तर एक सांगते. नामको कंपनीने 'रिज रेसर' या मोटार शर्यतीच्या खेळाची एक आवृत्ती काढली होती, तिच्यात खेळणारा खऱ्याखुऱ्या माझदा गाडीत बसायचा आणि समोर तीन प्रोजेक्टरचा पडदा असायचा. अटारीच्या १९७५ च्या 'इंडी ८००'ला एका टेबलाभोवती आठ स्टिअरिंग होती. त्या मानाने तुझी मुलगी संयमी आहे.)

भावाचं आणखी एक. जाहिरातीतला आकडा म्हणजे भाव नव्हे, ती विकणाऱ्याची इच्छा. एक मशीन मी आठ महिने त्याच आकड्यावर लटकलेलं पाहिलं, आणि नवे लोक त्याच आकड्याचा दाखला देत आपली मशिनं विकायला काढत होते. मी फक्त झालेले सौदे टिपत गेले आणि प्रत्येकापुढे अवस्था लिहिली: मोटर हलते का, ट्यूब मूळची का, आतला सर्किट बोर्ड कुणी उघडलाय का, रंग कारखान्याचा की कुणाच्या काकाने मारलेला. वही ठेवायची सवय कुणाकडून आली ते सांगायला नको.

तरी पहिल्यांदा फसलेच. ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. १९८२ चं 'पोल पोझिशन', बसायचं मॉडेल. बाहेरून इतकं देखणं की मागचं झाकण न उघडताच मी बयाणा देऊन टाकला. घरी आणून उघडलं तर बोर्डाच्या कडेचे कनेक्टर जळून काळेठिक्कर. पुढे कळलं की या मशीनची ती जुनी खोडच आहे, जाणकार माणूस आधी तिथेच टॉर्च मारतो. माझ्या हातात टॉर्च नव्हता, कॅमेरा होता. ते मशीन मी तोट्यात विकलं, पण घेणाऱ्याला झाकण उघडून दाखवून.

आता हे लाल मशीन. एका बंद पडलेल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं. बाजूवर 'टर्बो आउट रन'चं स्टिकर, म्हणजे १९८९ चा पुढचा खेळ. विकणारा म्हणाला, वीज लावली की ट्यूब उजळते पण खेळ लागत नाही, फ्यूज असेल. या वेळी टॉर्च होता. मागचं दार उघडलं, आणि बोर्डावर सगळ्या चिपांमध्ये एक ठोकळा उंच बसलेला दिसला.

बाबा, हे तुमच्या आवडीचं आहे, म्हणून जरा सविस्तर. खेळाची नक्कल होऊ नये म्हणून सेगाने काही बोर्डांवर ६८००० जातीचा प्रोसेसर, म्हणजे खेळ चालवणारी मुख्य चिप, एका बंद ठोकळ्यात घातला, सोबत छोटी बॅटरी. खेळाचा प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत, आणि ती उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुका होतो. संग्राहक तिला सुसाइड बॅटरी म्हणतात. फ्यूज वगैरे काही नव्हतं, बोर्ड तिथेच, त्या शेडमध्ये, कधीतरी गप्प झाला होता.

पण 'टर्बो' जुन्या 'आउट रन'च्या मशिनांवर चढवण्यासाठी किट म्हणूनही विकलं जायचं. प्रोसेसर आणि चिपा बदलायच्या, वर नवी स्टिकरं मारायची. माझ्यासमोरच्या स्टिकरचा एक कोपरा सुटला होता आणि त्याखालून जुनं चित्र डोकावत होतं. म्हणजे खाली 'आउट रन'चाच बोर्ड. उंच ठोकळा काढून साधा ६८००० बसवायचा, मूळ खेळाच्या चिपा लावायच्या, की १९८६ परत. तो विकत होता मेलेलं 'टर्बो', मी बघत होते झोपलेलं 'आउट रन'.

तुम्ही विचाराल, मग त्याला सांगितलंस का? सांगितलं. लगेच नाही. आधी ताडपत्रीची घडी घातली, मग पाणी प्यायले, मग सांगितलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, "पण नेणार कधी?" त्याला शेड महिनाअखेर रिकामी करायची होती. आकडा मात्र त्याने थोडा वाढवला आणि मी फार घासाघीस केली नाही. आई, वहीत त्या वाढीव रकमेपुढे बाबांचं नाव लिही.

घर आधीच मोजून ठेवलं होतं. जमिनीवर चिकटपट्टीने मशीनचा आराखडा काढला आणि पंधरा दिवस त्याला वळसा घालून चालले. दाराची रुंदी सगळे मोजतात. अडतं ते आत शिरल्यावरच्या वळणावर, जिथे लांबीला फिरायला जागा लागते.

सध्याची अवस्था: खेळ लागतो. मूळ चित्राचा डावीकडचा भाग स्टिकरसोबत निघून आला, तो तसाच ठेवणार आहे. नवं छापील चित्र मिळतं, पण तेवढा रंग खरा असलेला बरा. मशीन ज्या व्होल्टेजसाठी बनलं त्याप्रमाणे ट्रान्सफॉर्मर लावलाय. सांगाडा डावीकडे नीट वळतो, उजवीकडे अडखळतो. स्टिअरिंगचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे ते किती फिरलं हे मोजणारा भाग, झिजलाय असा माझा अंदाज, पण मोटरच्या ड्राइव्ह बोर्डाची शंकाही जात नाही. ट्यूब थोडी मंद आहे. अशा ट्यूब आता नव्या बनत नाहीत, म्हणून तिला जपतेय. आणि हो, बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. लहानपणी तुम्ही टीव्हीच्या मागे हात घालू द्यायचा नाहीत, तो नियम इथे मी स्वतःला लावलाय. ट्यूबचं काम करताना सोबत दुसरं माणूस असल्याशिवाय मागे जात नाही.

तेव्हा बाबा, येताना मल्टिमीटर आणा, तुमचाच. माझा बरोबर दाखवतो, पण तुमचा वाचायला मला सोपा जातो. आई, सीट फार खाली आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी बाजूला स्टूल ठेवलंय. पेडल मी सांभाळेन, तू रेडिओ लाव.

तुमची,
ताई