परीक्षक क्रमांक दोन, तुमचे आभार

आदरणीय परीक्षक क्रमांक दोन,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते मला कळू नये अशीच व्यवस्था आहे. तुमच्या पत्त्यावर चार ओळी धाडण्याची सोय नसल्यामुळे हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स ही इंटरनेटचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०२४ च्या परिषदेसाठी जगभरातून गोषवारे आले, त्यात बीड जिल्ह्यातल्या आशा स्वयंसेविकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक होता. तो माझा. तो तपासायला तुमच्या वाट्याला आला आणि तुम्ही त्यावर जवळजवळ त्याच्याएवढाच मजकूर लिहून पाठवलात. या कामाचे तुम्हाला पैसे मिळाले नाहीत, नाव मिळालं नाही, बढतीच्या अर्जात लिहिण्यासारखं फारसं काही मिळालं नाही. मला मात्र माझा प्रबंध मिळाला.

संशोधकांच्या जगात दुसऱ्या परीक्षकाची ख्याती काही बरी नाही. कुत्सित शेरा मारतो, स्वतःचेच लेख वाचायला सांगतो, वगैरे. तुमचं टिपण उघडताना माझेही हात गार पडले होते. पहिल्याच वाक्यात तुम्ही लिहिलं होतं की हा गोषवारा स्वीकारावा अशी शिफारस मी केली आहे, आता पुढचं निवांत वाचा. घाबरलेल्या विद्यार्थिनीला आधी बसायला खुर्ची द्यावी, मग बोलावं, हे तुम्हाला कळत होतं.

माझा अभ्यास काय होता ते इथल्या वाचकांसाठी सांगते. आशांच्या ग्रुपवर सकाळपासून निरोप सुरू होतात. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई विचारतात, आज गृहभेटी किती झाल्या. उत्तरादाखल फोटो येतात. उंबऱ्याशी बसलेली गरोदर बाई, तिच्या हातात उघडून धरलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, मोबाईल नंबर, हिमोग्लोबिन. फोटोच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ठिकाण. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात, फोटो कमी होतात आणि मजकूर वाढतो. अमकी सातव्या महिन्यात टोळीबरोबर गेली, कारखाना कर्नाटकातला, फोन नवऱ्याजवळ. तमकी पिशवीचं ऑपरेशन करून आली आणि लगेच कोयता हातात घेतला. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये विधिमंडळात प्रश्न उठले, चौकशी समिती नेमली गेली. ग्रुपवर मात्र ही माहिती रोजच्या हजेरीसारखी येत-जात असते.

आशांची लेखी संमती माझ्याकडे होती. गटप्रवर्तकांची होती, ग्रुप चालवणाऱ्यांची परवानगीही होती. आमच्या विद्यापीठातले संमतीचे फॉर्म औषधांच्या चाचण्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. त्यात सुई टोचताना दुखेल का याचं उत्तर सापडतं, पण निरोपात जिचं नाव आलं तिला कोणी विचारायचं, याचं नाही. तुम्ही नेमकं तेच विचारलंत. ग्रुपमध्ये असलेल्या बायका हो म्हणाल्या, पण कार्डावरची बाई ग्रुपमध्ये आहे का? ती आत्ता फडावर असेल, तिच्याजवळ फोन नसेल, मग तिचं हो किंवा नाही तुमच्यापर्यंत पोहोचणार कसं? आणि पुढे, नाव गाळलं तरी दोनशे उंबऱ्यांच्या गावात सातव्या महिन्यात कर्नाटकात गेलेली बाई कोण, हे कोणाला कळणार नाही?

तुम्ही हे बोट रोखून विचारलं नाहीत. खाली लिहिलंत की या प्रश्नांची तयार उत्तरं माझ्याकडेही नाहीत, पण आपल्या असोसिएशनची नीतितत्त्वं उघडून बसा, कारण ती नियमांची यादी देत नाहीत, प्रश्न विचारायला शिकवतात. मी उघडून बसले.

त्या दस्तऐवजांबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तेही फुकटच्या कष्टांचंच फळ आहे. पहिला मसुदा चार्ल्स एस यांच्या पुढाकारानं २००२ मध्ये आला. तेव्हा फेसबुक नव्हतं, लोक चॅटरूममध्ये बोलत. दुसरा २०१२ चा, ॲनेट मार्कहॅम आणि एलिझाबेथ ब्युकॅनन यांच्या नेतृत्वाखालचा. तिसरा २०१९ चा. प्रत्येक वेळी निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी आपली नोकरी, आपले वर्ग सांभाळून वाद घातले, मसुदे फिरवले, पुन्हा लिहिले. समूह जितका दुबळा, तितकी संशोधकाची जबाबदारी मोठी, हे सूत्र दुसऱ्या मसुद्यात ठळक आहे. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरामागे माणूस आहे का, हे तपासायलाही तो सांगतो. तिसऱ्यात संशोधनाच्या टप्प्याटप्प्यावर थांबून विचार करायला सांगितलं आहे. आराखडा करताना, सामग्री गोळा करताना, विश्लेषण करताना, छापताना, आणि काम संपल्यावर त्या सामग्रीचं काय करायचं तेव्हाही. संमतीचा कागद एकदा सही करून फाईलला लावला की सुटलो, असं तिथे चालत नाही.

तुमच्या टिपणातला सर्वांत मोलाचा भाग मात्र शेवटी होता. तुम्ही सुचवलंत की आजारांची आणि गरोदरपणाची माहिती बाजूला ठेवली तरी अभ्यास उणा होणार नाही. मुळात हे फोटो काढावे का लागतात, ते काढायला किती वेळ जातो, नेटवर्क नसलेल्या वस्तीवरून ते पाठवायला बाईला कुठपर्यंत चालत यावं लागतं, रिचार्ज कोण भरतं, हे विचारा. भेट झाली याचा पुरावा देणं हेच कसं वेगळं काम होऊन बसलं आहे ते पाहा. त्या एका परिच्छेदानं माझ्या अभ्यासाचं तोंड वळलं. मी बायकांच्या पोटाकडे बघत होते, ते सोडून आशांच्या हातांकडे बघायला लागले.

परत गावात जाऊन मी आशांसमोर हा विषय काढला. कार्डाचे फोटो माझ्या संग्रहातून काढून टाकते आहे, असं सांगितलं. एक आशाताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमाला बी ते फोटो टाकू वाटत न्हाईत. त्या बायका आमच्या भरवशावर कार्ड दाखवत्यात." त्यानंतर त्या फोटोंबद्दल जे बोलणं झालं, ते माझ्या प्रबंधाचं आता सर्वांत मोठं प्रकरण आहे. कोणती बाई फोटोला नको म्हणते, मग भेट कशी दाखवायची, कार्डावर अंगठा ठेवून नाव झाकायची युक्ती कोणी काढली, हे सगळं त्या चर्चेतून आलं. तुमचा प्रश्न नसता तर ही चर्चा झालीच नसती.

आता असोसिएशनबद्दल. तुमचं टिपण हातात पडेपर्यंत मला वाटायचं, एवढी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे कुठेतरी काचेची इमारत असणार, कर्मचारी असणार. परिषदेसाठी इंग्लंडमधल्या शेफील्डला पोहोचल्यावर कळलं की ही संस्था बहुतांशी तुमच्यासारख्यांच्या संध्याकाळच्या आणि सुटीच्या वेळेवर चालते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामधल्या ड्रेक विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत काही जणांनी ठरवलं की इंटरनेटचा अभ्यास करणाऱ्यांना आपलं असं एक ठिकाण हवं. पुढच्या वर्षी संस्था उभी राहिली, २००० मध्ये कॅन्ससमधल्या लॉरेन्सला पहिली परिषद झाली. स्टीव्ह जोन्स पहिले अध्यक्ष, नॅन्सी बेम त्यांच्यानंतरच्या. तेव्हापासून दरवर्षी परिषद भरते आहे. कोविडच्या वर्षी डब्लिनची ठरलेली परिषद पडद्यावर घ्यावी लागली, पण खंड पडू दिला नाही, आणि २०२२ मध्ये डब्लिनला पुन्हा माणसं प्रत्यक्ष भेटली.

जो उपाध्यक्ष निवडून येतो तो दोन वर्षांनी अध्यक्ष होतो, आणि त्यानंतरची दोन वर्षं माजी अध्यक्ष म्हणून समितीवर राहतो. म्हणजे एकदा हो म्हटलं की सहा वर्षं गेली. खजिनदार आहेत, सचिव आहेत, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी आहे, सगळे निवडून आलेले आणि सगळे आपापल्या पोटापाण्याचं काम करून हे करणारे. आपल्याकडे याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात आणि म्हणताना जरा नाक मुरडतात. मला त्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना पोटभर धन्यवाद द्यायचे आहेत. माझ्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागत होतं, नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे हवं होतं, आणि ते कोणीतरी रविवारी दुरुस्त करून पाठवलं. एकाच वेळी निरनिराळ्या खोल्यांत चालणारी सत्रं, प्रत्येक वक्त्याची वेळ, शेवटच्या आठवड्यात व्हिसा नाकारला गेलेल्यांच्या जागा, हे सगळं कोणीतरी रात्री बसून जुळवत होतं.

शेफील्डची परिषद ३० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर अशी होती, म्हणजे ऐन दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी आशांच्या फोटोंबद्दल बोलले. परिषदेचा विषय होता उद्योग, आणि पोलादाच्या त्या शहरात बीडच्या वस्तीवरचं मोबाईलकाम हे श्रम म्हणून मांडता आलं, हे तुमच्यामुळे. बोलून झाल्यावर ब्राझीलची एक संशोधक भेटली. तिच्याकडच्या आरोग्यसेविकांचंही असंच आहे, म्हणाली. पुढची परिषद तिच्याच देशात, नितेरॉयला होती. आशियात ही परिषद २०१४ मध्ये दक्षिण कोरियात देगूला भरली होती. पुण्या-मुंबईला किंवा छत्रपती संभाजीनगरला ती कधी भरावी अशी माझी फार इच्छा आहे. तेव्हा खुर्च्या मांडण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत पडेल ते काम मी करीन.

एक गोष्ट मनात सलते, ती तुम्हाला सांगायला हवी. माझ्या अभ्यासातल्या बायकाही सरकारदरबारी स्वयंसेविकाच आहेत. त्यांना ठरलेला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि २०२३-२४ मध्ये त्यासाठी त्यांना संपावर जावं लागलं, आझाद मैदानात बसावं लागलं. स्वखुशीनं वेळ देणं आणि नाईलाजानं स्वस्तात राबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही कोणत्या बाजूला आहात हे मला माहीत नाही. कायम नोकरीतले प्राध्यापक असाल, तर तुम्ही मिळालेली निश्चिंती माझ्यासारख्यांवर खर्च केलीत. पण आज संशोधनातली पुष्कळ माणसं सहा-सहा महिन्यांच्या करारावर आहेत. तुम्ही त्यांच्यातले असाल, उद्याच्या नोकरीची खात्री नसताना रात्री जागून माझा गोषवारा वाचला असाल, तर माझं देणं फार मोठं आहे आणि ते फेडायचं कसं ते मला कळत नाही. संस्थेनं अशा लोकांवर परीक्षणाचा भार कमी टाकावा, असं मी सर्वसाधारण सभेनंतर समितीतल्या एकांना भेटून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मी आता स्वतः परीक्षण करते. गोषवारा उघडला की आधी स्वीकाराचं किंवा नकाराचं सांगून टाकते, मग बाकीचं. ज्याला नकार द्यायचा त्यालाही पुढे काय वाचता येईल ते लिहिते. हे तुमच्याकडून उचललं आहे.

शेवटी एक विनंती. आम्ही काही जणी मिळून समाजशास्त्र आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक प्रश्नावली तयार करतो आहोत. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, इन्स्टाग्रामवर अभ्यास करणाऱ्यानं सुरुवातीला स्वतःला काय काय विचारावं, त्याची. असोसिएशनच्या नीतितत्त्वांचा आधार घेतला आहे आणि तसं त्यात नमूद केलं आहे. पण "कार्डावरची बाई ग्रुपमध्ये आहे का?" हा प्रश्न कुठल्याच दस्तऐवजात नाही, तो तुमचा आहे. आम्हाला तो पहिल्या पानावर घ्यायचा आहे, खाली एवढंच लिहून की हा एका अनामिक परीक्षकाचा. तुमची हरकत असेल तर समितीमार्फत कळवा, नाव न सांगताही चालेल. हरकत नसेल तर काहीच कळवू नका. जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील तेव्हा ती त्यांच्या हातात देऊ.

तुमची ऋणी,
बीडची एक संशोधक विद्यार्थिनी