ओव्हर खाटेशीच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांतल्या नोंदी संगणकावर जाऊ लागल्या, हे चांगलंच झालं. केसपेपरवरचं अक्षर लावत बसण्याचा ताप गेला. पण त्याबरोबर एक समजही पसरतो आहे : सगळं स्क्रीनवर असतंच, मग ड्यूटी बदलताना दोन सिस्टरांनी खाटेखाटेशी उभं राहून ओव्हर, म्हणजे रुग्णांची तोंडी माहिती, कशाला द्यायची-घ्यायची? कुठे ती काउंटरवर उभ्याउभ्या उरकली जाते, कुठे व्हॉट्सअ‍ॅपवर.

स्क्रीनवर ‘लघवी १०० मिली’ एवढं दिसतं. युरोबॅग, म्हणजे लघवी साठणारी पिशवी, शेवटची रिकामी कधी केली, यावर त्या आकड्याचा सगळा अर्थ ठरतो. किलोमागे तासाला अर्धा मिली हा साधा हिशेब धरला, तर ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली तरी लघवी व्हायला हवी. दोन तासांत १०० झाली असेल तर ठीक. सहा तासांत तेवढीच असेल तर डॉक्टरांना कळवायला हवं. की नळीच मांडीखाली दबली आहे? ते वाकून पाहिल्याशिवाय समजत नाही.

रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या पंपाचंही तसंच. ‘ताशी ५ मिली चालू’ ही अर्धीच माहिती झाली. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये औषधाचं एक अँप्यूल (काचेची कुपी) घातलं की दोन? वेग तोच ठेवून डोस दुप्पट होतो. सिरिंजमध्ये १५ मिली उरलं असेल तर पुढची तीन तासांच्या आत तयार हवी. संपल्यावर धावपळ केली तर तेवढ्या वेळात दाब कोसळू शकतो. ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर भरलेला असताना सुमारे १५०० लिटर देतो. मिनिटाला ५ लिटरने तो पाच तास पुरेल आणि काटा निम्म्यावर असेल तर अडीच. रात्रपाळी बारा तासांची असते.

इन्सुलिनचं प्रकरण याहून नाजूक. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची आणि मिलीला १०० युनिटची, अशा दोन्ही व्हायल (औषधाच्या बाटल्या) मिळतात. १०० च्या व्हायलमधलं औषध ४० च्या, लाल टोपीच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ओढलं, तर अडीचपट डोस जातो. म्हणून ओव्हर घेताना व्हायल आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन पाहायची. इथे आणखी एक माणूस लागतो, ज्याला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन नसतं. ताट परत नेताना ‘आजोबांनी आज काहीच खाल्लं नाही’ हे बहुधा वॉर्डातल्या मावशींनाच दिसतं. इन्सुलिन दिलं आणि पोटात अन्न नाही, तर साखर ७० च्या खाली जाते, दरदरून घाम फुटतो, रुग्ण बरळू लागतो. झोपेत असेल तर तेही कुणाच्या ध्यानात येत नाही. मावशींशी एरवी नीट बोलणाऱ्या सिस्टरलाच ती गोष्ट वेळेत कळते. फक्त हुकूम सोडणाऱ्या सिस्टरकडे मावशी आपणहून सांगायला येत नाहीत, आणि त्यात मावशींचा दोष नाही.

आमच्या मते कळीचा मुद्दा हाच आहे. ओव्हर देताना जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि घेणारीला ‘थांबा, कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणता आलं पाहिजे. नवी मुलगी सीनियरला हे विचारायला कचरते. एकदा ‘एवढंही येत नाही का?’ ऐकलं की पुढच्या वेळी ती मान डोलावते आणि अंदाजाने निभावते. इन्चार्ज सिस्टरने पहिल्या आठवड्यातच तिला नावाने हाक मारून ‘मी काय विसरले ते तू सांग’ असं म्हटलं, तर ही भीती बरीच कमी होते. यावर कोणताही फॉर्म चालत नाही.

पद्धत अवघड नाही. दोघींनी आधी रुग्णाकडे पाहायचं, मग कागदाकडे. नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आजार काय, या ड्यूटीत काय घडलं, काय राहिलं, आणि कशाची धास्ती आहे, ते सांगायचं. यातला शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा गळतो, कारण ‘मला हा रुग्ण बरा वाटत नाही’ असं लिहायला कोणत्याही नोंदवहीत रकाना नसतो. मग सुईच्या जागेपासून बाटलीपर्यंत प्रत्येक नळी हाताने तपासायची. शेवटी घेणारीने महत्त्वाचं आपल्या शब्दांत परत म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेच्या नऊ उपायांत हस्तांतरणाच्या वेळच्या संवादाला जागा दिली, ती उगाच नव्हे. एचआयव्हीसारखी गोष्ट मात्र खाटेशी मोठ्याने बोलायची नाही. २०१७ च्या कायद्याने ती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. नातेवाइकांना अजून न सांगितलेलं निदानही बाजूला जाऊनच सांगावं.

आता वेळेचं. तीस खाटांच्या वॉर्डात सहा गंभीर रुग्णांना तीन-तीन मिनिटं, उरलेल्या चोवीस जणांना अर्धं-अर्धं मिनिट, म्हणजे बरोबर अर्धा तास. ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ असा तक्ता लावला, तर हा अर्धा तास कागदावर अस्तित्वातच नाही. तो एकीच्या घरी जायच्या वेळेतून किंवा दुसरीच्या लवकर येण्यातून फुकट घेतला जातो. मग लोकल, बस, शाळेतून सुटणारं मूल यांच्या घाईत ओव्हर उरकली जाते, आणि दोष ‘स्टाफच्या निष्काळजीपणा’ला लागतो.

रुग्णालय चालवणाऱ्यांनी दोन ड्यूट्या अर्ध्या तासाने एकमेकींवर येतील असा तक्ता करावा. आठवड्याला सहा ड्यूट्या धरल्या तर दर सिस्टरमागे तीन तास वाढतात. ते पगारात किंवा सुट्टीत मोजावेत. त्या अर्ध्या तासात फोन आणि नातेवाइकांचे प्रश्न घ्यायला एकीला मोकळं ठेवावं, नाहीतर दर दोन खाटांमागे बोलणं तुटतं. नातेवाइकांनाही विनंती आहे : दोन सिस्टर खाटेशी बोलत असतील तेव्हा डिस्चार्जची फाइल पाच मिनिटांनी मागा. तुमच्या माणसाला रात्री काय झालं हे त्यांच्याकडून राहून जात असेल, तर ते मात्र त्याच वेळी सांगा.

आपल्या वाचक,
दोन निवृत्त परिसेविका, मिरज