आईची आंगवण

प्रिय बाळू,

तुझी दोन पत्रे आली आणि माझे एकही गेले नाही. रागावला असशील तर हक्काने रागव. इकडे सगळे बरे.

आज लिहितोय ते आईमुळे. काल दिवा लावता लावता म्हणाली, यंदा ६ जानेवारीला कुवेलीचा डोंगर चढायचा, पायी. तुझ्या काविळीच्या वेळची आंगवण, म्हणजे नवस, फेडायची राहिलीय म्हणे! कोणाला पत्ता होता? वर कपेल, म्हणजे छोटे चर्च, आहे ते रेमेदियुश सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे. रेमेदियुश म्हणजे उपाय, म्हणून तिने नेमकी हीच सायबीण धरली.

सहा जानेवारी म्हटल्यावर तू लगेच रेइश मागूशचे, तीन रायांचे चर्च म्हणशील. नाही रे बाबा, किती वर्षे तेच भांडण! ते बार्देशात, मांडवीकाठी. हे कपेल १५९९चे, समोर थेट अरबी समुद्र. कासावली, आरोशी, कुवेली या तीन गावांतले तीन मुलगे मुकुट घालून घोड्यांवरून तीन वेगळ्या वाटांनी चढतात, वर एकत्र येतात. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन रायांचे, म्हणजे राजांचे, इथले फेस्त ते हेच.

मला घोर आहे तो तिच्या गुडघ्यांचा. चढणीपेक्षा उतरणीचा जास्त. जांभ्याची बारीक खडी पायाखाली मण्यांसारखी फिरते आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. गुळगुळीत तळव्याची चप्पल अजिबात नको. मागे पट्टा, खाली खाचा हव्यात. उंचवटा आला की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. तिला हे पाठ करून घेतोय, पण ती नेमके उलटे करते.

खरे तर फेस्ताच्या गर्दीत तिने जाऊच नये. आधीचे नऊ दिवस नोव्हेना असते, त्यातली एखादी सकाळ बरी. सातला पायथा सोडला की ऊन तापायच्या आत खाली. मेणबत्तीलाही सकाळच सोयीची. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की वर ज्योत टिकत नाही. मेणबत्ती तुझ्या उंचीची बोललीय. नशीब, तेव्हा तू बुटका होतास! एवढी लांब मेणबत्ती गाडीत उन्हाने वाकते, म्हणून बांबूच्या कांबीला बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची.

पण ती सहा तारखेवरच अडून बसलीय. तसेच झाले तर घोड्यांच्या मागे उभे राहायचे नाही, ताशा वाजला की जनावर बिचकते. राय वर पोचेपर्यंत तिला काजूच्या सावलीत बसवायचे, लिटरभर पाणी जवळ. खाजे उतरल्यावर.

नवी नोकरी कशी आहे? वहिनींची बदली झाली का? सविस्तर लिही.

आणि रजा टाक. आंगवण तुझीच आहे. पाच तारखेला रात्री मडगावला ये, पहाटे घरून एकत्र निघू. उतरताना एक बाजू मी धरीन, दुसरीला तू हवास. तुझे ती ऐकते.

तुझा,
दिगू