मे महिन्यात क्लोजिंग नसतं

सांगली,
रविवार दुपार

प्रिय पमे,

आधी कबुली, मग बाकीचं. तुझ्या वास्तुशांतीला मी आले नाही, ते बँकेच्या क्लोजिंगमुळे नव्हे. मे महिन्यात कसलं आलंय क्लोजिंग? तुझ्या ते तेव्हाच लक्षात आलं असणार, आणि तरी तू एका शब्दाने विचारलं नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. पहाटे पाचच्या एसटीचं रिझर्वेशन होतं, तुझ्यासाठी घेतलेली खणाची साडी बॅगेत होती, आणि मी बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. सात वाजता आईने दार वाजवलं. तोवर गाडी कवठेमहांकाळ ओलांडून गेली असेल.

फोन करता आला असता. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणाली असतीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

गेल्या गुरुवारी मिरजेला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. आपल्याच वयाची आहे गं, केस वर बांधलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. फाइल तिने बाजूला ठेवली आणि विचारलं, "पाळीचं हे दुखणं सुरू कधी झालं?" म्हटलं, पहिल्यापासून. "पहिल्यापासून म्हणजे?" आणि मी गप्प. वर्षभराचं मोबाईलमध्ये आहे, कधी 22 दिवसांनी, कधी 47. त्याआधीचं काय? इतकी वर्षं पोट धरून काढली आणि एक तारीख सांगता येईना. तेवढ्यात डोळ्यांपुढे आलं ते आपल्या खोलीच्या दाराआडचं कालनिर्णय. 2011 चं. आणि त्यावरच्या तुझ्या लाल पेनच्या फुल्या. साध्या दुखण्याला एक, कळ आली तर दोन, उलटी झाली तर तीन.

त्या फुल्यांवरूनच आपलं भांडण झालं होतं. तू बाबांना फोन केलास! आईला नाही, बाबांना! "तुमची मुलगी रात्रभर कण्हते" म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आठ दिवस मी मेसमध्ये लंबूच्या टेबलावर जेवले. तू म्हणालीस, हे नॉर्मल नाही. मी म्हटलं, तू काय डॉक्टर लागून गेलीस. आणि बिचारे बाबा! त्यांनी मनीऑर्डरीसारखे दोनशे रुपये जास्त पाठवले आणि "फळं खात जा" एवढंच लिहिलं.

मधल्या काळात काय काय ऐकलं ते तुला ठाऊक आहे. तीन सोनोग्राफ्या झाल्या. तो प्रकार तर बघण्यासारखा. सकाळपासून तांब्यावर तांब्या पाणी प्यायचं, कळ आलेल्या पोटावर ते ओझं घेऊन बाकावर बसायचं, आणि आतली बाई प्रोब फिरवून म्हणते, "ब्लॅडर भरलं नाही, अजून दोन ग्लास पिऊन या." एवढं करून रिपोर्ट काय, तर नॉर्मल. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. मला मात्र दर वेळी रडू यायचं. काहीतरी सापडावं अशी इच्छा करणारी मी एकटीच असेन असं वाटायचं. एकाने पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा विकार, लिहिलं आणि वजन कमी करा म्हणाला. माझं वजन 46 किलो, पमे. हाडं काढून ठेवू? दुसऱ्याने सांगितलं, लग्न करा, आपोआप बरं होईल. औषधाच्या दुकानात हे स्थळ कुठल्या कप्प्यात मिळतं ते विचारायचं राहिलं.

बँकेतलं तुला सांगितलेलं नाही. मी कॅशला बसते, तिथून उठायचं तर ड्रॉवरला कुलूप, मशीन बंद, समोर रांग. फेब्रुवारीत एकदा कळ दाबून नोटा मोजत होते. पाचशेच्या बंडलात शंभर मोजायच्या, अठ्ठ्याऐंशीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचा आकडा मनानेच धरला आणि बंडल दिलं. संध्याकाळी दोन हजार कमी. खिशातून भरले. साहेब म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" काय सांगणार, साहेब, ओटीपोटात असतं.

मावशीचं एकच, "पिशवी काढून टाक, कटकट जाते." तिने पस्तिसाव्या वर्षी काढली. मागे तिचं जवळजवळ पटलं होतं मला. मग तुझी आठवण झाली. 2019 ला तुमच्या बीडकडच्या ऊसतोड बायकांचं पेपरात आलं होतं, कोवळ्या वयात पिशव्या काढलेल्या, कारण पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. तेव्हा तू रात्री अकराला फोन करून तासभर बोलली होतीस, तुझ्या वर्गातल्या पोरींच्या आयांबद्दल. मी अर्धवट झोपेत हं हं करत होते. परवा मिरजेला बसल्या बसल्या ते सगळं ऐकू आलं. माझ्याकडे निदान सिक लीव्ह आहे.

डॉक्टरीण म्हणाली, पिशवी काढून हे जाईलच असं नाही. पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर कधी बाहेर रुजतं, अंडाशयावर, आतड्यापाशी. पाळीच्या वेळी तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. एंडोमेट्रिओसिस. दहाजणींत साधारण एकीला असतं म्हणे, आणि कळायला अनेकदा सात-आठ वर्षं जातात, कारण बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. मी इतकी खूश झाले की तिने हात वर केला. "तेच आहे असं मी म्हटलेलं नाही." पाळी मागेपुढे होण्याचं कारण निराळंही असू शकतं, म्हणून थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रक्ततपासण्या पुन्हा. पूर्वी पोटात दुर्बीण घातल्याशिवाय हे नाव देत नसत, आता बऱ्याचदा आधी गोळ्या देऊन बघतात. तर डायनोजेस्ट, हार्मोनची गोळी, रोज एक, तीन महिने. अधूनमधून डाग पडतील, घाबरायचं नाही. शिवाय म्हणाली, इतकी वर्षं दुखलं की ओटीपोटाचे स्नायू आखडून बसतात आणि नसांना दुखण्याची सवय लागते. आत काही नाही सापडलं तरी दुखणं खरंच असतं. म्हणून खुर्चीवर पाय टाकून श्वासाचे व्यायाम. आई दारातून बघून जाते, तिला वाटतं मी योगिनी होणार.

"दुखणं खरंच असतं." हे तिने प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, मान वर न करता म्हटलं. मी बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले.

आईचे गुडघे आहेत तसे. बाबा ठीक. चिऊ पहिलीत जाणार ना यंदा? रडते का? तुझ्या बदलीचं काय झालं? घराचे फोटो पाहिले, ओटा छान झालाय, पण खिडकीला तो हिरवा रंग कुणी सुचवला?

आता काम. पुढच्या भेटीला सुरुवातीचं जमेल तेवढं लिहून आण म्हणालीय. तू काही टाकत नाहीस. त्या कालनिर्णयाच्या मागच्या पाककृतींसाठी ते तू घरी नेलं होतंस, मी तुला चिंधीचोर म्हटलं होतं. ट्रंकेत बघ. बाराही पानांचे फोटो पाठव.

साडी आणते दिवाळीत. क्लोजिंग नाही.

तुझी,
सुमी

ता. क. निळ्या फुल्या दुधाच्या हिशोबाच्या होत्या की तुझ्या पाळीच्या, ते लिही. नाहीतर डॉक्टरला वाटेल मला महिन्यातून दोनदा व्हायची.